पाऊस नाही, वारा बघा : सिॲटलला ओर्का पाहायला निघालेल्या कुटुंबासाठी

प्रश्न : आम्ही कोथरूडचे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात दिराकडे सिॲटलला जातोय. माझ्या आठ वर्षांच्या मुलीला ओर्का, म्हणजे किलर व्हेल, बघायचेत. बरोबर ७१ वर्षांचे सासरे आहेत, त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. आमच्याकडे पाच मोकळे दिवस आहेत. शनिवारी दुपारची उघडी स्पीडबोट बुक करायचा विचार आहे. त्या दिवशी पाऊस आला तर काय करायचं? पैसे वाया जातील का? ओर्का दिसतीलच याची खात्री किती?

उत्तर :

ताई, बुकिंग केलं नसेल तर थोडं थांबा. शनिवार, दुपार आणि उघडी बोट, तुम्ही ठरवलेल्या या तिन्ही गोष्टी मी बदलायला सांगणार आहे. गेली चौदा वर्षं मी पुण्यातून आठ-दहा जणांचे गट घेऊन समुद्रातले सस्तन प्राणी पाहायला जातो. सिॲटल आणि व्हँकुव्हरच्या मधलं बेटाबेटांचं पाणी आहे ना, त्याला सेलिश समुद्र म्हणतात. तिथे सहा वेळा गेलो. नॉर्वेच्या उत्तर टोकाला तीन वेळा. त्यातून जे कळलं ते सांगतो. उत्तर लांबेल, पण तुमच्याबरोबर लहान मूल आणि वयस्कर माणूस आहे, म्हणून काही गाळत नाही.

तुम्ही सुरुवात पावसापासून केलीत. माझ्याकडे येणारे बहुतेक सगळे पुणेकर तिथूनच सुरुवात करतात. साहजिकच आहे, आपलं अख्खं वर्ष पावसाभोवती फिरतं. हवा बिघडली म्हणजे पाऊस लागला, हवा छान म्हणजे ऊन पडलं, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. समुद्रावर हा हिशेब चुकतो. पावसाने तुम्ही फार तर भिजाल. अख्खा दिवस हातचा जातो तो वाऱ्याने.

माझ्या दुसऱ्या खेपेची गोष्ट सांगतो. आम्ही सेलिश समुद्रातल्या सॅन हुआन बेटावर उतरलो होतो. पहिल्या दिवशी निळंभोर आकाश, लख्ख ऊन, सगळे खुशीत. दुपारी दोनला बोट निघाली आणि तासाभरात पश्चिमेचा वारा सुटला. बघता बघता सगळं पाणी फेसाच्या पांढऱ्या तुऱ्यांनी भरून गेलं. अशा पाण्यात लाटेचा प्रत्येक काळा उतार क्षणभर कल्ल्यासारखा, म्हणजे ओर्काच्या पाठीवरच्या उभ्या परासारखा भासतो. तीन तास आम्ही डोळे ताणत होतो. चौघांना बोट लागली. परत येताना खडकावर पहुडलेला एक सील दिसला, तेवढाच. दुसऱ्या दिवशी सकाळी बारीक भुरभुर, आकाश राखाडी, समोरची बेटं पुसल्यासारखी. गटातल्या एक बाई म्हणाल्या, अशा हवेत काय दिसणार, मी खोलीवरच थांबते. बाकीचे नाराजीनेच बोटीत चढले. पाणी मात्र तेल ओतल्यासारखं स्थिर होतं. एका ठिकाणी कप्तानाने इंजिन बंद केलं आणि हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. आधी आवाज आला, प्रेशर कुकरची वाफ एकदम सुटावी तसा जोरकस, पण खोल. मग त्या राखाडी हवेत श्वासाचा पांढरा झोत उभा राहिला आणि दोन-तीन सेकंद तसाच तरंगत राहिला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. सहा जणांचं कुटुंब होतं. त्या खोलीवर थांबलेल्या बाईंना मी आग्रह केला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचे निर्णय तुमचे तुम्हाला घेता येतील. पूर्ण वाढलेल्या नराच्या पाठीवरचा कल्ला १.८ मीटरपर्यंत, म्हणजे पुरुषभर उंच असतो. मादीचा मात्र मीटरभराच्या आतच, मागे वळलेला. मीटरभर उंचीच्या लाटा उठल्या की माद्या आणि पिल्लं दोन लाटांमधल्या खळग्यात दिसेनाशी होतात. आणि लांबून प्राणी सापडतो तो बहुतेक वेळा कल्ल्यावरून नाही, श्वासाच्या फवाऱ्यावरून. वारा तो फवारा जागच्या जागी उडवून लावतो. स्थिर, दमट हवेत तोच फवारा दुर्बिणीतून दोन-तीन किलोमीटरवरून दिसतो, आणि ढगाळ उजेडात पाण्यावर चकाकी नसल्याने डोळेही थकत नाहीत. म्हणून माझ्या लेखी ढगाळ, भुरभुरता, पण वारा नसलेला दिवस हा ओर्का पाहायचा सगळ्यात चांगला दिवस.

वारा किती, हे पाण्याकडे बघून ओळखायची एक जुनी पट्टी आहे. ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ मध्ये ती बांधली, आणि आजही दर्यावर्दी तीच वापरतात. तिची सगळी पाठांतरं नकोत. एवढं लक्षात ठेवा : ७ ते १० नॉट वाऱ्याला कुठेकुठे एखादा पांढरा तुरा दिसू लागतो, ११ ते १६ नॉटला तुरे जिकडेतिकडे दिसतात. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. माझा स्वतःचा नियम असा की १० नॉटपर्यंत आनंदाने जावं, १५ पर्यंत मोठ्या बोटीने जावं, त्यापुढे दिवस बदलावा. तुमच्यासारखं कुटुंब असेल तर २० नॉटच्या दिवशी बोट निघत असली तरी आपण चढू नये.

ही नजर पुण्यात बसून तयार होते. एखाद्या संध्याकाळी मुलीला घेऊन खडकवासल्याच्या चौपाटीवर जा. कणीस खाता खाता धरणाच्या पाण्याकडे पाहा. पाणी नुसतं शहारतंय का, लाटांना माथे आलेत का, माथे फुटून पांढरे होतायत का, आणि होत असतील तर एका दृष्टिक्षेपात किती दिसतात? मग फोनवर त्या वेळचा वारा बघून ताडून पाहा. धरणाच्या लाटा समुद्राएवढ्या वाढत नाहीत, पण तुरे कधी फुटायला लागतात हे डोळ्यात बसतं. मी प्रत्येक गटाला निघण्याआधी हे करायला लावतो. मुलं यात मोठ्यांपेक्षा पटकन तयार होतात.

आता दुपार का नको. हेही पुणेकराला चटकन कळेल. एप्रिल-मेमध्ये दिवसभर अंगाची लाही होते आणि संध्याकाळी पश्चिमेकडून गार वाऱ्याची झुळूक येते. तो घाट चढून आलेला समुद्राचा वारा असतो. जमीन तापली, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर गेली, की समुद्रावरची थंड हवा ती जागा भरायला आत धावते. आपल्या कोकणात याला खारे वारे म्हणतात. रात्री उलट दिशेने वाहतात ते मतलई. तिकडेही उन्हाळ्यात नेमकं हेच घडतं, फक्त खूप मोठ्या प्रमाणावर. पॅसिफिक महासागरातून आत यायला हुआन दि फुका नावाची लांबट सामुद्रधुनी आहे, दोन्ही बाजूंना डोंगर. आतला प्रदेश तापला की महासागरावरची गार हवा या बोळातून आत खेचली जाते. जितकं ऊन कडक, तितका दुपारनंतरचा वारा जोरकस. दुपारी उशिरापासून तो चढतो आणि संध्याकाळी ऐन भरात असतो. सिॲटलमध्ये लोक उन्हात आइस्क्रीम खात असतात तेव्हा त्या सामुद्रधुनीत वादळी वाऱ्याचा इशारा लागलेला असू शकतो. शहरातलं हवामान बघून बोट ठरवू नका, हे मी म्हणतो ते यासाठी.

त्यात ओहोटीची भर पडते. ओहोटीचं पाणी पश्चिमेला महासागराकडे धावतं आणि वारा पश्चिमेकडूनच येतो. दोघं समोरासमोर भिडले की लाटा उंच नसल्या तरी उभ्या आणि जवळजवळ होतात, आणि बोट आदळायला लागते. दाभोळच्या किंवा बाणकोटच्या खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी समोरून वारा असताना होडीत बसलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. म्हणून अंदाज पाहताना लाटांच्या उंचीबरोबर दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत दिलेलं असतं तेही बघा. मीटरभर उंचीची लाट दर दहा सेकंदांनी येत असेल तर बोट झोपाळ्यासारखी हलते. तीच दर चार सेकंदांनी आली तर पाठीचे मणके मोजले जातात.

तर सकाळ घ्यायची. पण सकाळचीही एक अडचण आहे, ती म्हणजे धुकं. तिथलं पाणी भर उन्हाळ्यातही १०-१२ अंशांच्या आसपासच असतं. त्यावरून दमट हवा सरकली की दाट धुकं धरतं. ऑगस्टमध्ये ते इतकं नेहमीचं आहे की स्थानिक लोक त्या महिन्याला ‘फॉगस्ट’ म्हणतात. खंडाळ्याच्या घाटात जुलैमध्ये पुढच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत, तसं. बोटींना रडार असतं, त्या हळू चालतात, धोका मोठा नसतो, पण दिसत काहीच नाही. बहुतेक दिवशी उशिरा सकाळपर्यंत हे धुकं उठतं. म्हणजे पहाटेची फेरी धुक्यात जाते आणि दुपारची वाऱ्यात. यातून मी नेहमी दहाच्या आसपास निघणारी फेरी निवडतो. सुरुवातीचा तासभर धुक्यात गेला तरी पुढचे दोन-तीन तास बहुधा स्थिर पाणी मिळतं. काही वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जंगलांच्या वणव्यांचा धूर तिथे उतरतो. सासऱ्यांना दम्याचा त्रास असेल तर त्या दिवसांत हवेची प्रतही बघा.

शनिवार टाळायचं कारण साधं आहे. सुट्टीच्या दिवशी खासगी बोटींची गर्दी असते, आणि तुमची फेरी रद्द झाली तर रविवारच्या बोटी आधीच भरलेल्या असतात. तुमच्याकडे पाच दिवस आहेत. पोहोचल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसाची, मंगळवार-बुधवार अशी फेरी घ्या आणि पुढचे दोन दिवस मुद्दाम मोकळे ठेवा. शेवटच्या दिवशी कधीही ठेवू नका. अमेरिकेच्या हवामान खात्याचा समुद्री अंदाज विभागवार येतो, तो आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी वाचा. ‘स्मॉल क्राफ्ट ॲडव्हायझरी’ हे शब्द दिसले की त्या भागात २१ नॉट किंवा त्याहून जास्त वारा अपेक्षित आहे असं समजा. फोनवर विंडीसारखं ॲप असेल तर त्यात सरासरी वाऱ्याबरोबर झोतांचा आकडाही दिसतो. मी झोतांचा आकडा धरून चालतो. पाच दिवस आधीच्या अंदाजावर मन घट्ट करू नका. दोन दिवस आधीचा बऱ्यापैकी विश्वासाचा असतो.

बोटीचं म्हणाल तर तुमच्यासाठी उघडी स्पीडबोट नकोच. रबरी कडांच्या त्या बोटीला तिकडे झोडियाक म्हणतात. तरण्याताठ्या माणसाला ती फार आवडते, कारण पाण्याच्या अगदी जवळ बसता येतं. पण बऱ्याच झोडियाकमध्ये घोड्यावर मांड टाकल्यासारखं बसावं लागतं आणि प्रत्येक लाटेचा दणका गुडघ्यांनी झेलायचा असतो. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला आणि सत्तरीतल्या कमरेला हे सोसणार नाही. मोठी, बंद केबिन असलेली, आत बाकं आणि शौचालय असलेली बोट घ्या. साधारण शंभर ते दोनशे डॉलर माणशी जातात आणि तीन ते पाच तास लागतात, दोन्ही प्रकारांत फार फरक नसतो. सासऱ्यांना मधल्या भागात, शक्यतो मागच्या बाजूला आणि खालच्या मजल्यावर बसवा. बोट सगळ्यात कमी हलते ती तिथे. आणि बोट वेगात असताना कुणीही उठायचं नाही. हे मी फार कळकळीने सांगतोय. काही वर्षांपूर्वी एका कंपनीने इशारा असतानाही फेरी काढली, आणि मी गटाला घेऊन चढलो. परतीच्या वाटेवर आमच्यातले साठीचे एक गृहस्थ फोटो काढायला उठले, लाट आदळली आणि त्यांचं मनगट मोडलं. तेव्हापासून बोट निघते की नाही यावर मी विसंबत नाही; आकडे स्वतः बघतो.

सिॲटल शहरातूनच निघणाऱ्या फेऱ्याही असतात, पण त्यांचा बराच वेळ जाण्या-येण्यात जातो. मला विचाराल तर गाडीने सव्वाशे-दीडशे किलोमीटर उत्तरेला ॲनाकोर्टेसला जा आणि तिथून बोट घ्या. त्याहून उत्तम म्हणजे सरकारी फेरीबोटीने सॅन हुआन बेटावर फ्रायडे हार्बरला जाऊन एक रात्र राहा. ती मोठी फेरीबोट आहे, गाडीसकट चढता येतं, सासऱ्यांना मुळीच त्रास होणार नाही, आणि वाटेत डेकवर उभं राहिलं तर कधीकधी पोर्पॉइज (डॉल्फिनचे छोटे नातलग), नशीब असेल तर ओर्कासुद्धा दिसतात.

बोट लागण्याबद्दल. ज्याला ताम्हिणीच्या वळणांवर गाडी लागते त्याला बोट लागेल असंच धरून चाला. कान शरीर हलतंय म्हणतो, केबिनमध्ये बसलेले डोळे काही हलत नाही म्हणतात, आणि या भांडणात पोट ढवळतं. म्हणून फोनमध्ये बघायचं नाही, पुस्तक नाही, कॅमेऱ्याच्या पडद्याकडे सतत पाहणं नाही. क्षितिजावर नजर ठेवायची. गोळी घ्यायची तर निघायच्या तासभर आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. आपल्याकडे घाटासाठी ॲव्होमिन घेतात, तिने झोप येते. मुलीला आणि सासऱ्यांना कुठलीही गोळी देण्याआधी इथल्या डॉक्टरांना विचारा, सासऱ्यांच्या चालू औषधांची यादी दाखवून. रिकाम्या पोटी जाऊ नका आणि भरपेट तळकटही नको. सकाळी थोडे पोहे किंवा टोस्ट, आणि खिशात आलेपाक. आलेपाकाने माझ्या गटातल्या बऱ्याच जणांना आराम पडलाय. जमलं तर दिवाळीनंतर कधी हर्णैला किंवा तारकर्लीला डॉल्फिनची फेरी करून बघा असं मी इतरांना सांगतो. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही, तेव्हा घाटातल्या अनुभवावरून अंदाज बांधा.

कपड्यांसाठी एकच उपमा देतो. डिसेंबरच्या पहाटे नदीपात्रातल्या रस्त्याने स्कूटरवर जाताना जेवढं घालाल तेवढं ऑगस्टच्या बोटीवर न्या. बोट ताशी ४५ किलोमीटरने जाते, खाली पाणी बर्फाच्या भावंडासारखं. कानटोपी, हातमोजे, आत लोकरीचं काहीतरी आणि वर आपला पावसाळी रेनकोट, तो वारा उत्तम अडवतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही.

आता ज्यांना बघायला चाललात त्यांच्याबद्दल. या पाण्यात दोन वेगळ्या प्रकारचे ओर्का असतात. दिसायला सारखे, पण एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांच्यात बेटी व्यवहार नाही. एक मासे खाणारे, प्रामुख्याने चिनूक सामन. त्यांना दक्षिणेचे रहिवासी म्हणतात, आणि ते उरलेत जेमतेम ७५ च्या घरात. दुसरे सील, सी लायन, पोर्पॉइज यांची शिकार करणारे. त्यांना मायकेल बिग या कॅनडाच्या शास्त्रज्ञावरून बिग्ज ओर्का म्हणतात. प्रत्येक ओर्काच्या कल्ल्यावरच्या खाचा आणि त्यामागचा खोगिरासारखा करडा डाग वेगळा असतो, फोटोवरून एकेक जनावर ओळखता येतं, हे १९७० च्या दशकात त्यांनी दाखवून दिलं. अमेरिकेचे संशोधक केन बाल्कम यांनी १९७६ पासून रहिवासी कुटुंबांची मोजणी हाती घेतली. आज तिथल्या प्रत्येक ओर्काला क्रमांक आहे, आई कोण, आजी कोण हे माहीत आहे. रहिवाशांमध्ये मुलगे जन्मभर आईबरोबर राहतात. २०२४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी हे दोन प्रकार स्वतंत्र प्रजाती मानाव्यात असा प्रस्तावही मांडला.

तुम्हाला दिसतील ते बहुधा बिग्ज. त्यांची संख्या वाढते आहे, ते वर्षभर असतात. तीन ते सहा जणांचं कुटुंब, आणि शिकारीवर असताना पूर्ण गप्प, कारण त्यांचं भक्ष्य पाण्याखालचा आवाज ऐकतं. मासेखाऊ ओर्का मात्र सतत बोलतात, आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरूनच सामन शोधतात. बोटींच्या इंजिनांचा गोंगाट त्यांच्या थेट जेवणाच्या आड येतो. म्हणून वॉशिंग्टन राज्यात २०२५ पासून या रहिवाशांपासून १००० यार्ड, म्हणजे जवळपास ९१५ मीटर दूर राहायचा कायदा आहे. बिग्जपासून किमान २०० यार्ड, १८३ मीटर.

हे अंतर ऐकून लोकांचा विरस होतो. कृपा करून कप्तानाला ‘अजून थोडं जवळ घ्या’ म्हणू नका. भिगवणला आपण हेच करतो. नावाड्याला शंभर रुपये जास्त देतो, तो होडी थव्यात घालतो, रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उडतात, आपल्याला उडतानाचा फोटो मिळतो, आणि त्यांचं चरणं मोडतं. या ओर्कांचा तर माणसाशी आलेला संबंध फार वाईट आहे. १९७० साली याच पाण्यातल्या पेन कोव्ह नावाच्या खाडीत त्यांना बोटींनी आणि स्फोटांच्या आवाजांनी हाकत नेऊन जाळ्यांत कोंडलं, पिल्लं आयांपासून तोडून मत्स्यालयांना विकली. त्यातली तोकिताए नावाची मादी २०२३ साली मायामीत, टाकीतच मेली. तिच्या पिढीच्या किती पिल्लांनी पुढे घर धरलं असतं, याचा विचार त्या पाण्यावर गेलं की माझ्या मनात येतोच. आपली बोट त्यांना पुन्हा हाकणारी नसावी. चांगला कप्तान कडेने, त्यांच्याच वेगाने समांतर जातो, वाटेत आडवा येत नाही. पुष्कळदा असं होतं की इंजिन बंद करून थांबलं की तेच वाट बदलून जवळून जातात.

१८३ मीटरवरून दिसतं, नीट दिसतं. पक्षी बघणारे आपले लोक कवडीला नेतात ती ८ बाय ४२ ची दुर्बीण न्या; त्याहून जास्त ताकदीची बोटीवर थरथरते. फोटो काढायचे तर शटर एक हजारांश सेकंदाच्या आत ठेवा. पहिली दहा मिनिटं तरी कॅमेरा पिशवीतच असू द्या.

खात्रीबद्दल विचारलंत. ऑगस्टअखेरीस काही ना काही मोठं दिसायची शक्यता चांगली असते, कारण बोटी एकमेकींना बिनतारीवर खबर देतात. पण बऱ्याच कंपन्यांची ‘हमी’ म्हणजे पैसे परत नव्हे, पुढची एक फेरी मोफत. आणि हंपबॅक देवमासा दिसला तरी त्यांची हमी पूर्ण होते, ओर्काच दिसायला हवा असं नसतं. बुक करण्याआधी हे अक्षरशः वाचा. हवामानामुळे कंपनीने फेरी रद्द केली तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते, तेही. तुम्ही स्वतः वाऱ्याला घाबरून रद्द केलंत तर किती तास आधी कळवावं लागतं, हा तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा.

फेरी रद्द झाली तर वाद घालू नका. नॉर्वेत स्कीर्व्हॉयला नोव्हेंबरात हेरिंग माशांच्या मागे ओर्का फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत येतात, तिथे एकदा आम्हाला सहा कल्ले दिसले आणि विसाव्या मिनिटाला कप्तानाने बोट वळवली. आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्हाला तर समुद्र शांतच दिसत होता. आम्ही धक्क्याला लागलो आणि पाऊण तासात डोंगरावरून असा वारा कोसळला की हॉटेलच्या खिडक्या थडथडायला लागल्या. पुढचे तीन दिवस एकही बोट सुटली नाही. आम्ही ती वीस मिनिटं घेऊन पुण्याला परतलो. आपले कोळी लोक नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच होड्या लोटतात, आणि तांडेल नाही म्हणाला की नाही. तो मान तिकडच्या कप्तानालाही द्यावा.

आणि रद्द झालेला दिवस तुमच्या हातात राहतो. फ्रायडे हार्बरला १९७९ पासून चाललेलं छोटंसं व्हेल म्युझियम आहे, मुलीला सांगाडे बघायला आवडतील. बेटाच्या पश्चिम कडेला लाइम किल्न नावाचं उद्यान आहे, तिथे १९१९ चं दीपगृह आणि खाली सरळ खोल पाणी. ओर्का कधीकधी खडकाला घासून जातात. सासऱ्यांना बाकावर बसून, दुर्बीण मांडीवर ठेवून बघता येईल. त्यांचा गुडघा त्या दिवशी कुरकुरत असला तर बोटीऐवजी त्यांना इथेच बसवा. पाण्यात इंजिनाचा आवाज आपल्यामुळे तरी होत नाही. मला स्वतःला आता किनाऱ्यावरून बघणं जास्त आवडतं.

मुलीला एक काम द्या. ओर्का वर आले की तिने श्वास मोजायचे. एक, मग दहा-वीस सेकंदांनी दोन, मग तीन, चार. त्यानंतर पाठीची कमान एकदम उंच झाली की समजायचं, आता लांब बुडी. बिग्ज असतील तर पाच मिनिटं, कधी दहा. तेव्हा सगळी बोट गेल्या जागेकडेच बघत राहते. तिने तसं करायचं नाही. ते ज्या दिशेने चालले होते त्या दिशेला, तीनशे-चारशे मीटर पुढच्या पाण्यावर नजर ठेवायची. बोटीवर पहिला ‘तो बघा’ बहुधा तिचाच असेल.